बिनखिशाचे सोळा कोट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सव्वीस वर्षांपूर्वी ज्यांनी या भारतीय भोजनालयाची पहिली भट्टी पेटवली ते आदरणीय मोठे मालक. प्रमुख पाहुणे, हॉटेलचालक संघटनेचे साहेब. हल्ली ज्यांच्या हाती इथला सगळा कारभार आहे ते धाकटे मालक. आजचे सत्कारमूर्ती, आपले हजरभाऊ, आणि त्यांच्याशेजारी संकोचून बसलेल्या वहिनी. भट्टीपासून मोरीपर्यंतची सगळी मंडळी. आणि माझ्यासारख्याच इथं जेवून जेवून म्हाताऱ्या झालेल्या गिऱ्हाईक बंधू-भगिनींनो,

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. मी शिंपी माणूस. पाच मिनिटांत मी फार तर बटणांची दोन काजं करतो. तेव्हा थोडा जास्त वेळ लागला तर सांभाळून घ्या. आणि नाही घेतलंत, तरी मी बोलणारच आहे.

मला इथं का उभं केलंय ते आधी सांगतो. दोन कारणं आहेत. हे हॉटेल उघडलं त्या आठवड्यापासून मी खाली खांबाजवळच्या टेबलावर जेवतो आहे. दुसरं, इथल्या वाढप्यांचे कोट मी शिवतो. म्हणजे या घरचं मी खाल्लंय, आणि या घरच्या लोकांना मी कपडे घातलेत. दोन शब्द चांगले बोलायला याहून लायक माणूस कोण मिळणार? धाकट्या मालकांनी तर ते दोन शब्दही माझ्यावर सोडले नाहीत. हे बघा, चौकटीतलं मानपत्र. सोनेरी कडा, जाड कागद. हे मी वाचायचं, हजरभाऊंच्या हातात द्यायचं, फोटोला हसायचं आणि खाली उतरायचं, असं ठरलेलं आहे.

वाचतो. ठरलंय तर वाचायला हवं.

‘वाढत्या वयामुळे व प्रकृतीच्या कारणास्तव आपण स्वेच्छेने निवृत्त होत आहात...’

बस. इथंच थांबतो. पहिल्याच ओळीत तीन खोट्या गोष्टी आहेत, पुढे वाचायची माझी छाती नाही. वय? भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. प्रकृती? गेल्या आठवड्यात माझ्या दुकानाचे दोन मजले एका दमात चढून आले, धापही लागली नाही. आणि स्वेच्छा? वहिनी, तुम्ही मान खाली घालू नका. मान खाली घालायची वेळ तुमची नाही.

टाळ्या नकोत, कृपा करून. अजून टाळ्या वाजवण्यासारखं मी काही सांगितलेलं नाही. पुढचं ऐकलंत तर माझ्यासाठी तर मुळीच वाजवणार नाही.

हजरभाऊ हे नाव कसं पडलं ते नव्या लोकांना ठाऊक नसेल. इथं कुणाला हाक मारावी लागायची नाही. पेला अर्धा झाला, की हा माणूस पाण्याचा जग घेऊन हजर. रोटी संपायच्या आत दुसरी हजर. एकदा मी जेवताना नुसतं आढ्याकडे बघितलं, तर हा मागून म्हणाला, ‘काका, पंखा कमी करू का?’ मी म्हटलं, ‘अरे, तुला कळलं कसं?’ तर म्हणाला, ‘तुम्ही मफलर दोनदा सारखा केलात.’ असा माणूस. ऑर्डर घ्यायला आला की तुमच्याकडे बघायचा, कागदाकडे नाही. लिहायचा ते तुम्ही गेल्यावर. त्याच्याकडे एक डायरी होती, तळहाताएवढी. तिच्यासाठी मी त्याच्या कोटाला डाव्या बाजूला आतून एक खास खिसा शिवला होता. त्या डायरीकडे मी येणार आहे.

त्याआधी गेल्या दोन वर्षांबद्दल बोलायला हवं. धाकटे मालक शिकून आले, त्यांनी हॉटेल सुधारलं. सुधारायला माझी ना नाही. खुर्च्या मोडल्या होत्या, नव्या आणल्या. छान. मग एके दिवशी आलो तर डाळ बादलीत आली. हो, बादलीत! एवढीशी पितळी बादली, कडी धरून उचलायची. मी विचारलं, ‘मालक, आम्ही जेवायचं की झाडांना पाणी घालायचं?’ तर हसून म्हणाले, ‘काका, हल्ली लोक जेवायला येत नाहीत. अनुभव घ्यायला येतात.’ रोटी दोरीवर चिमट्यानं टांगून आली, तोही अनुभव. भाताचा डोंगर करून त्यावर एक पान खोचलेलं, अनुभव. गाणी इतकी मोठ्यानं, की समोरच्याला मीठ मागितलं तर तो मोबाईल पुढे करतो. तेही मी सोसलं. माणूस सवयीचा गुलाम असतो आणि माझी सवय खांबाजवळ बसायची होती.

मग त्यांनी कोट बदलायला घेतले. मला बोलावून म्हणाले, ‘सोळा कोट शिवायचे, निळे. आणि काका, खिसे नकोत.’ मी म्हटलं, ‘एकही नको?’ ‘एकही नको. ऑर्डर आता टॅबलेटवर. खिसे असले की लोक त्यात काहीबाही ठेवतात.’ काहीबाही म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. हजरभाऊ मापाला आले तेव्हा हळूच म्हणाले, ‘काका, आतून एक तरी खिसा द्या. दिसणार नाही कुणाला.’ आणि मी काय म्हणालो? ‘मालकांचा हुकूम आहे, भाऊ.’ चाळीस वर्षं शिवणकाम करतोय मी. बिनखिशाचा कोट म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. ज्याच्या अंगावर तो चढवलाय त्याला आपण सांगत असतो, की तुझ्याजवळ ठेवण्यासारखं काही नाही आणि असलं तर आमचा भरवसा नाही. असे सोळा कोट मी या हातांनी शिवले. वर शिवाय बटणं पितळी लावली.

ही चिठ्ठी आली आहे मला. ‘कृपया आवरतं घ्या.’ घेतो. घडी घालून खिशात ठेवतो. माझ्या कोटाला खिसा आहे.

आता त्या रविवारचं सांगतो. या हॉलमधल्या बऱ्याच जणांना ते माहीत आहे, पण उलटं माहीत आहे. दोन महिन्यांपूर्वी, दुपारी. दर रविवारी माझ्या लेकीची कामाची पाळी असते, म्हणून नातीला घेऊन मी इथं येतो. नात नऊ वर्षांची. तिला काजू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे, काजू तिच्यासाठी विष आहे. ओठ सुजतात, घसा आवळतो. आणि हॉटेलातल्या जेवणात काजू कुठं कुठं असतो हे तुम्हाला सांगायला नको. पांढरा रस्सा म्हटला की तो काजूच्याच वाटणाचा. ती चार वर्षांची असताना मी हजरभाऊंना हे एकदा सांगितलं होतं. एकदाच. त्यानंतर पाच वर्षं तिच्यासाठी पनीर आलं ते टोमॅटोच्या रश्श्यात, वेगळ्या पातेल्यातलं, वेगळ्या पळीनं वाढलेलं. मला तोंड उघडावं लागलं नाही. मी बसायचो आणि म्हणायचो, ‘नेहमीचंच.’

किती मिजास होती मला त्या शब्दाची! नवीन गिऱ्हाइकं मेनूकार्डात डोकं घालून बसलेली असायची आणि मी टोपी काढून ठेवत म्हणायचो, ‘नेहमीचंच.’ जसं काही हॉटेल माझ्या आजोबांनी बांधलं.

त्या रविवारी हजरभाऊ दिसले नाहीत. धाकटे मालक टॅबलेट घेऊन आले. मी म्हटलं, ‘नेहमीचंच.’ ते क्षणभर थांबले. मला ते थांबणं अजून दिसतं. मालकाला आपलं नेहमीचं गिऱ्हाईक काय खातं हे ठाऊक नाही, हे कबूल कसं करणार? आणि मी तरी? समोरचा माणूस वेगळा आहे हे दिसत असून चार शब्द जास्त बोलायचे कष्ट घेतले नाहीत. ते म्हणाले, ‘हो हो काका, हजरभाऊंना सांगतो.’ मी निर्धास्त झालो. नातीशी गप्पा मारत बसलो. तिच्या औषधाची पिशवी, जी लेक दर रविवारी माझ्या हातात देते, ती त्या दिवशी दुकानात खुंटीवर राहिली होती. तेही कळू दे सगळ्यांना.

पनीर आलं. पांढऱ्या रश्श्यात. दिवे मंद, अनुभवासाठी. मला रंगच दिसला नाही. तिनं दोन घास खाल्ले.

त्यापुढचं मी सावकाश सांगू शकत नाही. ती गळ्याला हात लावून ‘आजोबा’ म्हणाली आणि पुढचं काही बोलली नाही. मी ओरडलो. सगळे उभे राहिले. धाकटे मालक टॅबलेटमध्ये बघत होते, काय शोधत होते देव जाणे. आणि जिन्यावरून एक माणूस दोन-दोन पायऱ्या उतरत आला. हातात सुपाची पळी होती, ती कुठंतरी फेकली. मला काही विचारलं नाही. मुलीला उचललं आणि धावला. समोरचा रस्ता ओलांडून, गाड्यांमधून, कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात. मी मागे पोचलो तेव्हा तो दारातूनच ओरडत होता, ‘काजू! काजू खाल्लाय हिनं!’ डॉक्टरीणबाई नंतर मला म्हणाल्या, की कारण आधी कळलं म्हणून वेळ वाचला. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. पाय हलवते आहे. हलव, बाळा, हलव.

आता मी काय केलं ते ऐका.

हॉस्पिटलच्या बाकावर मी या माणसाला विचारलं, ‘भाऊ, काजू कसा आला?’ तो हमसून हमसून रडत होता. म्हणाला, ‘माझं चुकलं काका, मी जागेवर नव्हतो.’ मी अर्धंच ऐकलं. ‘माझं चुकलं’ एवढंच. उरलेलं अर्धं कानावर पडलं, पण रागानं कान बंद झाले होते. तीन दिवसांनी धाकटे मालक माझ्या दुकानात आले. हातात त्या दिवसाचं बिल, त्यावर छापलेलं, ‘वाढपी: हजरभाऊ’. म्हणाले, ‘काका, मी त्यांना सांगितलं होतं. वय झालं, विसरतात हो हल्ली. उद्या आणखी कुणाचं काही झालं तर?’ आणि एक तक्रारीचं पत्र काढलं, टाईप केलेलं, माझ्या नावानं लिहिलेलं. ‘तुम्ही फक्त सही करा.’

मी सही केली. मी, जो कापडाचा तागा हातात घेतल्यावर उलटसुलट करून, उन्हात धरून, दोनदा मापून मग कात्री लावतो, त्यानं ते पत्र एकदाच वाचलं आणि सही केली. ज्यानं माझी नात उचलून धावत नेली त्याच्याविरुद्ध. त्या सहीवर आजचा हा समारंभ उभा आहे. हे हार, ही चौकट, हे फुगे. माझ्या सहीवर!

बसा, धाकटे मालक. बसा. माईक बंद केलात तरी माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे.

मला कळलं कधी? आठ दिवसांपूर्वी. भाऊ दुकानात आले. जुना काळा कोट घेऊन. म्हणाले, ‘काका, बाही उसवली आहे. सत्काराला हाच घालतो. नव्याला...’ आणि थांबले. नव्याला काय, ते मला चांगलं माहीत होतं. माझ्यावर सूड उगवायला नव्हे, बाही शिवायला आला होता हा माणूस! मी तोंडावर नीट बोललोही नाही. ‘शनिवारी या’ म्हणालो. ते गेल्यावर कोट मशीनवर घेतला. आमच्या धंद्यात सुई लावायच्या आधी खिसे रिकामे करायचे असतात. आतल्या खिशात हात घातला तर डायरी.

दुसऱ्याची डायरी वाचू नये. मी वाचली. त्यात नावं नाहीत कुणाची, घाबरू नका. पण तुम्ही सगळे आहात. ‘दाराजवळचे वकील. मीठ कमी. बायकोनं गुपचूप सांगितलंय, त्यांना कळू देऊ नये.’ वकीलसाहेब, आता कळलं, माफ करा. ‘खिडकीच्या ताई. गुरुवारी एकट्या. समोरची खुर्ची आधीच काढून ठेवावी.’ ‘दोन भाऊ, कोपऱ्यात. भांडण झालं की गोड लवकर आणावं.’ आणि एक पान माझं. ‘खांबाचे शिंपीकाका. नात. काजू विष. भट्टीवर रोज सकाळी आठवण करणे.’ रोज सकाळी, मंडळी! आम्ही यायचो फक्त रविवारी.

शेवटच्या पानावर तो रविवार. ‘बारा ते तीन वर जेवण. काका खाली आल्याचं कुणी सांगितलं नाही. दर अर्ध्या तासानं खाली बघून यायला हवं होतं. चूक माझी.’

वर जेवण. मी भट्टीवरच्या दादांकडे गेलो. ते तिथं मागे उभे आहेत. ते म्हणाले, ‘काका, ऑर्डर मशीनवरून आली. धाकट्या मालकांनी टाकलेली. नुसतं पनीर, शेरा काही नाही. बिलावर नाव आपोआप छापतं, ज्याचं टेबल त्याचं.’ मी म्हटलं, ‘अरे, मग बोलला का नाहीस?’ तर म्हणाले, ‘तुम्ही विचारायला याल असं वाटलं होतं. तुम्ही आलाच नाहीत. सरळ सहीच केलीत.’

प्रमुख पाहुणे, तुम्हाला या घरच्या भानगडीत ओढणं शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणतो. पण एकच विचारतो. त्या रविवारी दुपारी या हॉलमध्ये, आत्ता आपण आहोत याच हॉलमध्ये, जेवण कुणाचं होतं? तुमच्या संघटनेचं. तुम्ही मधल्या टेबलावर होतात. तुम्हाला सूप कोण वाढत होतं? आठवतं? पळी हातात घेऊन जिन्याकडे पळत गेलेला माणूस कोण होता?

साहेबांनी बोट दाखवलं आहे. मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगतो. हजरभाऊंकडे दाखवलं आहे.

मग खाली ऑर्डर विसरला तो कोण? वर सूप वाढणारा माणूस खालची ऑर्डर विसरतो कसा? त्याला ती कुणी सांगितलीच नाही! धाकटे मालक, चूक सगळ्यांकडून होते. ‘काका, तुमचं नेहमीचं म्हणजे काय?’ एवढं विचारलं असतं तर तुमचं काय कमी होणार होतं? बरं, नाही विचारलंत. त्याचा मला राग नाही, कारण त्या चुकीत मी अर्धा भागीदार आहे. राग आहे तो त्या टाईप केलेल्या कागदाचा. ज्यानं तुमचं हॉटेल वाचवलं त्याच्याच गळ्यात तुम्ही ती चूक अडकवलीत, आणि वरून आज हार घालताय! आणि त्याच्याही वर राग आहे तो माझा मला. तुम्ही घाबरला होतात. मी तर नुसता रागावलेला होतो.

मोठे मालक, तुम्ही मुलाकडे बघताय. बघा. तुमच्या कपाटात माझ्या सहीचं पत्र आहे. ते मी सगळ्यांसमोर मागे घेतो. त्याच्या जागी हे दुसरं ठेवतो, माझ्या हातानं लिहिलेलं. अक्षर वाईट आहे पण प्रत्येक शब्द मी दोनदा मापलेला आहे. भाऊंना ठेवायचं की घालवायचं ते तुम्ही ठरवा, हॉटेल तुमचं आहे. पण घालवायचं तर खरं कारण सांगून घालवा. हे मानपत्र मी वाचणार नाही. ते या टेबलावर पालथं ठेवतो आहे.

आणि ते सोळा निळे कोट उद्या सकाळी माझ्या दुकानात पाठवा. प्रत्येकाला आतून खिसा लावून देतो. विचारणार नाही, लावणार आहे.

आता आभार. माईकवाल्यांचे आभार, तुम्ही तो बंद केला नाहीत. भट्टीवरच्या दादांचे, त्यांनी मला तोंडावर सुनावलं. तुम्हा सगळ्यांचे, चहा गार झाला तरी बसून राहिलात.

आणि शेवटी, कमी-जास्त बोललो असेन तर क्षमा असावी, असं म्हणून खाली उतरायचं असतं. आजवर शंभर समारंभांत मी ते म्हटलं असेल. कुणाची क्षमा, कशाबद्दल, कधी मनात आलं नाही. आज तशी नाही मागत. व्यासपीठाची नाही, सभागृहाची नाही. आज जे बोललो त्यातल्या एकाही शब्दाबद्दल नाही. हजरभाऊ, तुमची एकट्याची मागतो. त्या बाकावर तुमचं अर्धंच ऐकलं, त्याबद्दल. लगेच ‘असू द्या काका’ म्हणू नका. असू देण्यासारखं नाही ते. घरी जा, विचार करा, मग सांगा.

ही तुमची डायरी. कोट अंगावर आहेच, खिसाही आहे.

आणि उद्याच्या रविवारची माझी ऑर्डर आत्ताच देतो, मोठ्यानं देतो, सगळ्यांनी ऐका. एक साधी डाळ, वाटीत. दोन रोट्या, ताटात. थोडा भात. नातीसाठी पनीर, टोमॅटोच्या रश्श्यात, वेगळ्या पातेल्यातलं. काजू नको. पुन्हा सांगतो, काजू नको. तो जुना मिजाशीचा शब्द मी या हॉटेलात पुन्हा उच्चारणार नाही.

लिहून घ्या, भाऊ. पेन नाही जवळ? मोठे मालक, तुम्ही देताय? द्या, द्या. भाऊ, घ्या ते. मालकांच्या हातातलं पेन असं हवेत ठेवू नये. लिहा सावकाश. मी थांबतो.